चाकण : चौफुल्यावरचे गाव



गाळप हंगाम सुरू झाला की उत्तरेकडच्या गटांतून एक तक्रार हमखास येते. तोड झाली, गाडी भरली, पण ट्रॉली चाकणच्या तळेगाव चौकात अडकून पडली. ड्रायव्हर म्हणतो, कंटेनर सरकतच नव्हते. ऊस उन्हात वाळतो, वजन घटते आणि घटलेल्या वजनाचा भुर्दंड शेवटी सभासदालाच बसतो. मग चाकणच्या नावाने दोन शब्द बोलून माणूस घरी जातो. आम्हीही बोलतो. पण या गावात एवढी गर्दी का होते, हे शोधायला गेले की हाती निराळाच इतिहास लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या गावात कांदा विकला, बैल घेतले, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधला. त्या गावाची माहिती मात्र 'फिरंगोजींचा किल्ला' आणि 'कंपन्या' या दोन शब्दांत संपते. मधली साडेतीनशे वर्षे कोणी सांगत नाही. म्हणून या अंकात चाकणविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट जागेची. चाकण हे पुण्याच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर, खेड तालुक्यात, सपाट माळावर वसलेले आहे. जवळ मोठा डोंगर नाही, घाट नाही, गावाला वेढा घालून वाहणारी मोठी नदी नाही. उत्तरेला भामा, दक्षिणेला इंद्रायणी, दोन्ही काही अंतर राखून. मग या उघड्या माळावर गाव मोठे झाले कशामुळे? रस्त्यांमुळे. पुण्याहून जुन्नर-नाशिककडे जाणारी वाट आणि कोकणचे घाट चढून मावळातून नगरच्या बाजूला जाणारी वाट या दोन्ही इथे एकमेकींना छेदतात. आजचा पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता म्हणजे त्याच जुन्या वाटा, वर डांबर पडले एवढेच. कोकणातून वर येणारा माल असो, की निजामशाही मुलखातून खाली उतरणारी फौज असो, चाकण चुकवून जाणे अवघड. ज्याच्या हातात चाकण, त्याच्या हातात नाका. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे आपोआप उलगडत जाते.

गावाच्या नावाबद्दल लोक एक कथा सांगतात. दशरथ राजाच्या रथाचे चाक इथे निखळून पडले, म्हणून चक्र, त्यावरून चाकण. गावाच्या पश्चिमेला चक्रेश्वराचे देऊळ आहे, त्याच्याशी ही कथा जोडलेली आहे. कथा ती कथाच. पण त्या देवळाच्या आवारात जुनी भग्न शिल्पे आहेत, त्यात वराहाची एक मूर्ती आहे. ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावी. किल्ल्याच्याही आधी इथे जाणते कारागीर आणि त्यांना पोसणारी वस्ती होती, हे त्या दगडांवरून कळते.

लिहिलेल्या इतिहासात चाकण ठळकपणे येते ते बहामनी काळात. पंधराव्या शतकाच्या मध्याला मलिक-उत-तुजार नावाच्या बहामनी सरदाराने चाकणला तळ करून कोकणवर मोहीम काढली. कोकणातल्या शिर्क्यांनी त्याला रानात नेऊन गाठले आणि तो फौजेसह मारला गेला. वाचलेले लोक कसेबसे चाकणच्या कोटात परतले, तर बहामनी दरबारातल्याच दुसऱ्या गटाने कागाळ्या करून त्यांचीही कत्तल घडवून आणली. परदेशी सरदार आणि दखनी सरदार यांच्यातल्या भांडणाचा हा परिणाम. एकाच राज्यातले दोन गट एकमेकांवर उठले म्हणजे काय होते, याचा नमुना आपल्याच तालुक्यात घडलेला आहे. पुढे निजामशाही आली आणि चाकण तिच्याकडे गेले. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांना निजामशाहीकडून पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर मिळाली, तिच्याबरोबर शिवनेरी आणि चाकण हे दोन किल्लेही त्यांच्या ताब्यात आले. म्हणजे भोसल्यांच्या घराशी चाकणचा संबंध महाराजांच्या जन्माच्या आधीपासूनचा. जुन्या कागदांत 'चाकण चौऱ्यांशी' असा शब्द येतो. चौऱ्यांशी गावांचा हा टापू, आणि चाकण त्याचे मुख्य ठाणे.

आता किल्ला. त्याचे नाव संग्रामदुर्ग. हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो; भुईकोटाला भिंत, खंदक आणि आतली माणसे, एवढाच आधार. जवळजवळ चौरस आकार, कोपऱ्यांवर बुरूज, पूर्वेच्या अंगाला एकच वाट आणि त्या वाटेवर एकामागे एक पाच-सहा दरवाजे. भोवती सुमारे ३० फूट रुंद आणि १५ फूट खोल खंदक. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला ज्यांनी किल्ला पाहिला त्यांनी असे वर्णन करून ठेवले आहे. आज त्यातले काय उरले, ते पुढे सांगू.

१६६० साली औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान दख्खनचा सुभेदार म्हणून आला. ९ मे रोजी तो पुण्यात शिरला. नगरहून पुण्याला येणारी रसद सुरक्षित ठेवायची तर वाटेवरचे चाकण हाती हवे, हा त्याचा हिशेब. पुन्हा तोच चौफुला! पावसाच्या तोंडावर, २१ जूनला, तो मोठी फौज घेऊन चाकणसमोर उभा राहिला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. १६४७ च्या सुमारास चाकणचा हा किल्ला त्यांनी महाराजांच्या पायाशी रुजू केला होता आणि महाराजांनी विश्वासाने त्यांच्याच हाती ठेवला होता. आत काहीशे माणसे, बाहेर हजारो.

बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती, कारण त्याच वेळी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. जुलैच्या मध्याला ते तिथून निसटून विशाळगडाला पोचले, बाजीप्रभू पडले, ही हकीकत आपणा सर्वांना पाठ आहे. पण त्याच दिवसांत, त्याच पावसात, इकडे चाकणला दुसरा वेढा चालू होता हे फार थोड्यांच्या लक्षात असते. दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे फिरंगोजींचे काम केवढे होते ते समजते.

मोगलांनी तोफा लावल्या, मोर्चे बांधले. पावसाने खंदकात पाणी, दारू भिजलेली, चिखलात तोफा रुतलेल्या. भिंत पडेना. मग त्यांनी सुरुंगाचा मार्ग धरला. विहीर खोदणाऱ्या आपल्या माणसांना हे काम लगेच समजेल. आपल्या मोर्च्यापासून जमिनीखालून बोगदा खणत न्यायचा, तो नेमका बुरुजाच्या पायाखाली पोचवायचा, तिथे दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. वरून मारा चालू असताना, पावसाळ्यात, मुरमातून आणि दगडातून हे खणणे सोपे नव्हे. चोपन्न दिवस ते काम चालले. १४ ऑगस्टला दुपारी ३ वाजता ईशान्य कोपऱ्याचा बुरूज उडाला, त्यावरची माणसे बुरुजासकट गेली. मोगल आत धावले, तर समोर मातीचा उंच बांध! सुरुंगाचा अंदाज घेऊन आतल्या लोकांनी बुरुजामागे आधीच दुसरी आड रचून ठेवली होती. ती रात्र मोगलांना उघड्यावर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला, भिंत चढली गेली, उरलेले लोक आतल्या कोटात मागे हटले आणि अखेर राव भावसिंग हाडा यांच्या मध्यस्थीने किल्ला खाली करून दिला गेला.

मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले, असा आकडा इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिला आहे. शायिस्ताखानाने फिरंगोजींना बादशाही नोकरीचे बोलावणे केले. ते त्यांनी नाकारले आणि ते महाराजांकडे गेले. महाराजांनी त्यांचा मान केला, पुढे भूपाळगडाची किल्लेदारी दिली. चाकणचे नाव बदलून इस्लामाबाद ठेवण्यात आले, पण ते कागदावरच राहिले. लोकांनी चाकणला चाकणच म्हटले.

या वेढ्याचा खरा परिणाम निराळा आहे. उघड्या माळावरचा एक भुईकोट घ्यायला जर ५६ दिवस आणि एवढी माणसे लागली, तर सह्याद्रीतले गड घ्यायला किती लागतील, हा हिशेब खानाला घालावा लागला. त्यानंतर त्याने गडांना हात घालण्याचे टाळले आणि पुण्यात लाल महालात मुक्काम ठोकला. तिथे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री काय झाले, ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. २१ जून ते १५ ऑगस्ट हे दिवस म्हणजे ऐन पेरणी-खुरपणीचे. हजारोंची फौज, तिचे घोडे, हत्ती, बैल, सगळे चाकणच्या शिवारात दोन महिने. बाजरी-हुलगे पेरायला कोणाला जमले असेल? वैरण कोणाच्या गंजीतून गेली असेल? किती बैल फौजेने ओढून नेले असतील? मेलेल्या शिपायांचा आकडा राहिला. ज्यांचे ते वर्ष बुडाले त्या कुणब्यांचा आकडा कोणी मांडला नाही.

पेशवाईत चाकण शांत होते. १८१८ च्या फेब्रुवारीत कर्नल डीकनच्या हाताखालची इंग्रज फौज आली, थोडा प्रतिकार झाला आणि किल्ला पडला. त्यानंतर त्याला लष्करी महत्त्व राहिले नाही. बुरुजाचे दगड गळत गेले, खंदकात माती भरली. आज तटाचे काही भाग आणि बुरुजांचे अवशेष उभे आहेत, दुरुस्तीची कामेही मधूनमधून झाली, पण गावाने चारी बाजूंनी किल्ल्याला असे वेढले आहे की नवख्या माणसाला विचारत विचारत जावे लागते. शायिस्ताखानाला जे दोन महिन्यांत जमले नाही, ते घरांनी आणि गाळ्यांनी सावकाशीने केले, असे म्हटले तर गावकऱ्यांनी रागावू नये.

किल्ल्याचे दिवस गेले तरी चौफुला कुठे गेला नव्हता. आता तिथे बाजार उभा राहिला. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. ती तळेगाव, चिंचवडवरून गेली. चाकण बाजूला राहिले. ज्या गावाला रेल्वे मिळाली तिथे पुढे कारखाने आले, ज्याला मिळाली नाही ते बैलगाडीच्या बाजाराचे गाव म्हणून वाढले. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्यात शंभर वर्षांचे जे अंतर पडले, त्याचे मूळ पुष्कळसे इथे आहे. पुणे-नाशिक रेल्वेची मागणी तेव्हापासून ऐकतो आहोत; आमचे आजोबाही ऐकत होते.

चाकणचा शनिवारचा बाजार म्हणजे जनावरांचा बाजार. खिलार, डांगी, गावठी, म्हशी, शेळ्या-मेंढ्या. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचे. बैलाची पाठ थोपटून, दात मोजून, चार पावले चालवून पाहिल्याशिवाय कोणी पैसे सोडत नसे. आणि दुसरा बाजार कांद्याचा. खेड, आंबेगाव, मावळ, शिरूर या भागांतला कांदा इथे येतो. खेड बाजार समितीचे चाकणचे महात्मा फुले आवार आजही कांद्या-बटाट्याच्या दिवसांत पोत्यांनी भरून जाते.

कांद्याचे अर्थशास्त्र आपल्या ऊसवाल्यांना थोडे समजावून सांगायला हवे, कारण आपण निराळ्या सवयीचे लोक आहोत. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर असतो. पूर्वी त्याचे नाव निराळे होते, २००९-१० च्या हंगामापासून त्याला एफआरपी म्हणतात. तो मिळायला उशीर होईल, भांडावे लागेल, पण कागदावर आकडा असतो. कांद्याला असा आकडा नाही. पहाटे पोती आवारात उतरायची, लिलावाची बोली लागायची, आडत-हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडायची. त्या पट्टीवर कधी घरी नेण्यासारखे पैसे असायचे, कधी वाहतूकही सुटायची नाही. बरे, माल परत न्यायचा म्हटले तर पुन्हा भाडे. बराखीत ठेवायचा म्हटले तर सडतो, कोंब येतात. म्हणून विकणारा नेहमी घाईत आणि घेणारा निवांत. या एका फरकातून पुढे मोठे आंदोलन उभे राहिले.

स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी करणारे शरद जोशी ती नोकरी सोडून परत आले आणि १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. हिशेब ठेवण्याची सवय असलेला माणूस. काकडी, बटाटा, कांदा करून पाहिला आणि वहीत मांडले, तर कितीही कष्ट केले तरी बेरीज उणेच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून गरीब नाही, त्याच्या मालाला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळत नाही म्हणून गरीब आहे. १९७८ साली चाकणच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा पहिले आंदोलन झाले. १९७९ साली शेतकरी संघटना स्थापन झाली, तिचे पहिले कार्यालय चाकणचेच. 'वारकरी' नावाचे साप्ताहिकही तिथूनच निघाले. जानेवारी १९८० मध्ये भामनेरच्या खोऱ्यातले लोक रस्त्याच्या मागणीसाठी वांद्र्यापासून चाकणपर्यंत चालत आले, बायाबापड्यांसह. त्याच वर्षी कांद्यासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला. जिथे शायिस्ताखानाने रसदेची वाट राखण्यासाठी वेढा घातला होता, तिथेच आता शेतकरी वाट अडवून बसला होता. चौफुल्यावर बसले की सरकारला ऐकू जाते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. नाफेडला बाजारात उतरून कांदा खरेदी करावी लागली.

कांद्याची ही गोष्ट आपल्या मुखपत्रात कशाला, असे कोणी विचारील. तर चाकणला पेटलेली ही ठिणगी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात गेली ती उसाच्या भावासाठी. टनाला ३०० रुपये ही मागणी होती. रस्ते आणि रेल्वे अडल्या, हजारो शेतकरी तुरुंगात गेले. सहकारी कारखान्यांच्या तेव्हाच्या पुढाऱ्यांना ते आंदोलन मानवले नाही. कारखाना शेतकऱ्याचाच, मग शेतकऱ्याने कोणाविरुद्ध बसायचे, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण सभासदाला ऊस पिकवायला खर्च किती येतो, हा प्रश्न वार्षिक सभेत मोठ्याने विचारण्याची सवय तेव्हापासून लागली, हेही खरे. आमच्या मते ती सवय चांगली आहे. शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजी वारले. त्यांची सगळीच मते आम्हांला पटतात असे नाही. खुल्या बाजाराविषयी तर आपल्या सभासदांत दोन तट आहेत. पण चाकणचा इतिहास लिहिताना त्यांना वगळता येणार नाही.

आता कारखान्यांचे दिवस. सुरुवात चाकणला नव्हे, रेल्वेच्या कडेला पिंपरीला झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना तिथे निघाला आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात टेल्को आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मोरया गोसावींच्या समाधीने आणि चापेकर बंधूंच्या वाड्याने ओळखले जाणारे चिंचवड, शेजारची ज्वारी-बाजरीची शिवारे, सगळे एका पिढीत शहर झाले. भोसरी-आकुर्डीच्या ज्या घरांत पूर्वी बारदानाच्या गोष्टी चालत, तिथे शिफ्टच्या गोष्टी चालू लागल्या.

मग जागा पुरेना. चाकण जवळ होते, जमीन सपाट आणि पुष्कळशी कोरडवाहू, आणि तळेगाववरून मुंबईकडे, बंदराकडे जाणारा रस्ता हाताशी. किल्ला जिथे बांधला, बाजार जिथे भरला, तिथेच कंटेनरलाही सोयीचे पडले. महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, कुरुळी, सावरदरी, वासुली, भांबोली अशा गावांत टप्प्याटप्प्याने औद्योगिक वसाहत पसरली. १९९९ साली बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज बेंझ, २०१० साली महिंद्र. यांच्या मागे सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहानमोठ्या कंपन्या आल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ, कोठून कोठून पोरे आली. शेतातल्या विहिरीवर पत्र्याच्या खोल्या झाल्या आणि एकरी कांद्यापेक्षा खोल्यांचे भाडे जास्त येऊ लागले. यात वाईट काय, असे कोणी म्हटले तर आम्ही लगेच वाईट म्हणणार नाही. कोरडवाहू दोन एकरांत ज्यांनी दुष्काळ काढले आहेत, त्यांना पगाराची किंमत माहीत आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मोबदल्याचा धनादेश एकदा येतो. जमीन दरसाल देते. काही घरांनी त्या पैशातून शिरूर, दौंड, इंदापूरकडे जमीन घेतली, पोरांना शिकवले, टेम्पो-ट्रक घेऊन कंपनीची वाहतूक मिळवली. काही घरांत गाडी आली, बंगला आला, दहा वर्षांत पैसा आटला आणि मालकाचा मुलगा त्याच कंपनीच्या फाटकावर ठेकेदाराकडे रोजाने उभा राहिला. दोन्ही तऱ्हेची घरे आपल्या सभासदांच्या सोयऱ्याधायऱ्यांत आहेत, नावे घ्यायची गरज नाही. कारखानेसुद्धा काही अमरपट्टा घेऊन येत नाहीत. आकुर्डीच्या ज्या बजाज कारखान्याने देशाला स्कूटर दिली, तिथले उत्पादन २००७ साली थांबले. लागण, खोडवा, पुन्हा लागण असे चाळीस वर्षे उसाचे चालते. यंत्राचा कारखाना तेवढा टिकेलच असे नाही.

जमिनीपेक्षाही अवघड प्रश्न पाण्याचा, आणि तो थेट उसापर्यंत येतो. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, गोळीबार झाला, ३ शेतकरी मेले. इकडे भामा नदीवर करंजविहिरे येथे भामा-आसखेड धरण झाले. शेतीला पाणी मिळेल या आशेने लोकांनी जमिनी दिल्या, पण त्या धरणातून पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांसाठीही पाणी राखले गेले, आणि धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी पुन्हा पुन्हा जलवाहिनीच्या कामावर जाऊन बसावे लागले. चासकमानचा कालवा आला तेव्हा खेड-शिरूरच्या गावांत ऊस वाढला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणजे उसाचे क्षेत्र वाढवायचे की घटवायचे, हे आता आपल्या शेतकी खात्यापेक्षा धरणातल्या आरक्षणाच्या कागदावर जास्त ठरते. सभासदांनी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीच्या बातम्या निवडणुकीच्या बातम्यांइतक्या मन लावून वाचाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जमीन जायचीच असेल तर ती कशी जावी, याचे एक निराळे उदाहरण हडपसरला आहे. तिथल्या मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी, त्यांत ऊसवाले होते, शहर अंगावर आलेले पाहून सव्वाशेच्या आसपास कुटुंबांची चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली. ती बिल्डरला विकली नाही. स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा ठेवून २००० सालापासून मगरपट्टा सिटी उभी केली. भागभांडवल, सभासद, लाभांश हे शब्द त्यांना नवे नव्हते. चाकणच्या वाट्याला तसे आले नाही. तिथे प्रत्येकजण आपापला सात-बारा घेऊन एकटा गेला.

परदेशातला एक दाखला देतो आणि पुन्हा गावाकडे येतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांताच्या किनाऱ्याला आपल्यासारखाच उसाचा पट्टा आहे. तिथे प्रोसरपाईन नावाचे लहान गाव आहे, आणि त्या गावाचा साखर कारखाना ऊस उत्पादकांच्या मालकीचा, सहकारी होता. तो अडचणीत सापडला आणि २०११ साली खासगी कंपनीकडे गेला. आपल्याकडे असे कारखाने विकले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत, तेव्हा नवल त्याचे वाटत नाही. पण त्या देशातली पद्धत आम्हांला घेण्यासारखी वाटते. दीडशे वर्षांचीसुद्धा ज्याची वस्ती नाही, अशा गावातही स्थानिक इतिहासाची मंडळी असतात. जुने स्टेशन नाहीतर जुनी कचेरी ताब्यात घेऊन तिथे गावचे फोटो, उसाच्या छोट्या रेल्वेची इंजिने, दुकानांच्या वह्या, मळ्यांवर राबायला बेटांवरून आणलेल्या मजुरांची नावे जपतात. चाकणला सहाशे वर्षांचा लिखित इतिहास आहे, आणि शनिवारच्या बाजाराचा एक जुना फोटो पाहायचा म्हटले तर दहा घरे फिरावी लागतात.

म्हणून एक विनंती. चाकण, खेड, मावळ, हवेली भागातल्या अनेक सभासदांच्या घरी पेटीत, माळ्यावर जुने कागद असतात. मोडीतल्या सनदा, वतनाचे तंटे, इनामाची पत्रे, आडत्याकडच्या कांद्याच्या पट्ट्या, बैलबाजाराच्या पावत्या, आंदोलनात तुरुंगात गेलेल्यांचे वॉरंट, भूसंपादनाच्या नोटिसा. वाटण्या होताना किंवा जुना वाडा पाडताना ते रद्दीत जातात. तसे करू नका. कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नयेत, त्यांना बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून कोरड्या जागी ठेवावेत. घडी जिथे आहे तिथेच वारंवार घातली की कागद तुटतो, म्हणून शक्य तेवढे सपाट ठेवावेत. चिकटपट्टी मुळीच लावू नये. मोडी वाचता येत नसेल तर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालापासून ते हेच काम करीत आले आहे. मोडी जाणणारी माणसे तिथे भेटतात. कागद तुमच्याच घरी राहू द्या, पण त्याचा फोटो काढून एक प्रत कारखान्याच्या ऊसविकास कार्यालयात आणून दिली तर आम्ही ती वेगळ्या फाईलला लावून ठेवू. सोबत गाव, घराणे आणि कागद कुठे सापडला एवढे तीन ओळींत लिहून द्यावे. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, आणि शनिवारच्या बाजारात पहिला बैल केवढ्याला घेतला हे त्यांना आठवत असेल, तर तेही लिहून आणावे. ऊस नोंदणीला याल तेव्हा आणले तरी चालेल, वेगळी खेप नको.